दादाचे कान

माझा मोठा भाऊ रोज सकाळी चहाच्या कपाशेजारी मळ काढत बसतो. स्वतःच्या कानातला नव्हे, इयरफोनमधला. एका वाटीत स्पिरिट, एका वाटीत कापूस, दात घासायचा जुना मऊ ब्रश, आणि रुमालावर ओळीनं मांडलेली ती रबरी बोंडं. एकेक बोंड उजेडात धरून तो आत डोकावतो, पिवळं काही दिसलं की ब्रशच्या टोकानं उचलतो आणि रुमालाच्या कोपऱ्याला पुसतो. त्याच टेबलावर पाव असतो, लोणी असतं. मी खालच्या मजल्यावर राहते, सकाळचा चहा वर येऊन घेते, आणि इयरफोन घरात आल्यापासून हा सोहळा बघते आहे. मला शिसारी येते. तसं मी त्याला तोंडावर सांगितलंय. त्यावर तो म्हणाला, मळ साचला की बारीक आवाज कळत नाहीत.

बारीक आवाज हे दोन शब्द ऐकले की हल्ली माझं डोकं तडकतं. का, ते सांगते.

दादाचं सगळं आयुष्य मोठ्या आवाजात गेलं. लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचा त्याचा धंदा. सभा असो, लग्न असो, शाळेचा कार्यक्रम असो, कर्णे बांधायला दादा, आणि कार्यक्रमाआधी अर्धा तास ‘हॅलो, हॅलो’ करून लोकांची डोकी उठवायलाही दादाच. लोक त्याला हॅलोशेठ म्हणायचे. घरात मीठ मागायचं झालं तरी मैदानातल्या शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं मागायचा. आई म्हणायची, याला बायको एक तर बहिरी मिळेल, नाही तर मिळाल्यावर होईल.

मिळाली ती वहिनी. ती बसस्थानकावर घोषणा करायची. कुठली गाडी कुठे लागली, कोणाचं मूल चुकलं, कोणाची पिशवी सापडली, सगळं तिच्या तोंडून. गाडी फार उशिरा येणार आहे हे ती अशा आवाजात सांगायची की चिडायचं सोडून लोक पिशवी उशाला घेऊन आडवे व्हायचे. तिथला एक कर्णा बिघडला म्हणून दादाला बोलावलं. कर्णा त्याच दिवशी नीट झाला, तरी दादा महिनाभर तो दुरुस्त करायला जात राहिला. स्थानकाच्या साहेबांना संशय आला तेव्हा लग्न ठरलेलंच होतं. तिच्या आवाजाचं वर्णन मला जमणार नाही. मी पडदे शिवते, मला शब्दांचं काम येत नाही. एवढंच सांगते की माझ्या मशीनशेजारी बसून ती नुसतं वर्तमानपत्र वाचायला लागली तरी माझा पाय आपोआप थांबायचा.

दोघं कामातून मोकळी झाली तेव्हा त्यांनी एक चांगलं काम हाती घेतलं. दृष्टिहीनांसाठी एक वाचनालय होतं, त्यांना मोठ्यानं वाचून दिलेली पुस्तकं हवी होती. वहिनी वाचायची, दादा रेकॉर्ड करून नीटनेटकं करायचा. मागची खोली त्यांनी त्यासाठी दिली. माइक आला, कॉम्प्युटर आला. आणि मधोमध दादाचा जुना लोखंडी अॅम्प्लिफायर, मैदानावरच्या कर्ण्यांसाठी घेतलेला. कॉम्प्युटरमधला आवाज त्यात जायचा आणि त्यातून हेडफोनमध्ये यायचा. मी म्हटलं, दादा, एका माणसाच्या कानाला एवढं धूड कशाला? तर म्हणाला, याच्यावर हे घर उभं राहिलंय, ते मी भंगारात घालू का? त्याचं हेडफोनही तसंच जुनं, मोठ्या वाट्यांचं. त्यावरचा स्पंज झडायचा, आणि कानाभोवती काळे तुकडे चिकटलेले घेऊन तो जेवायला बसायचा.

दादाची एक पद्धत होती, ती इथेच सांगून ठेवते. आधी आवाज चालू करायचा, मग हेडफोन कानाला लावायचं. उलटं करताना आधी हेडफोन काढायचं, मग आवाज बंद करायचा. कर्ण्यांच्या धंद्यात वायर जोडताना एकदा त्याच्या कानात असा काही धडाका झाला होता की आठवडाभर त्याला स्वतःचं नाव ऐकू येत नव्हतं. तेव्हापासून हा नेम. देवपूजेत चूक झाली असती, यात नाही.

पुस्तकं चांगली व्हायची. वाचनालयाच्या बाई फोन करून सांगायच्या की लोक वहिनीची वाट बघतात. मग वहिनीनं स्वतः एक पुस्तक मागून घेतलं. एका खानावळवालीच्या जन्माची जाडजूड कादंबरी. शाळेत असताना बाकाखाली धरून वाचली होती म्हणे, आणि त्यापायी शिक्षाही खाल्ली होती. एकदा ती सगळी मोठ्यानं वाचायची, ही तिची फार दिवसांची हौस. ती वाचत असताना मी दाराबाहेर उभी राहून ऐकायचे. खानावळवाली पहिल्यांदा स्वतःच्या नावाची पाटी लावते ते प्रकरण तिनं असं वाचलं की मी खाली जाऊन उगाचच माझ्या दुकानाची पाटी पुसून घेतली.

अर्ध्याच्या पुढे पुस्तक गेलं आणि तिचा आवाज अडकायला लागला. घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून बघितलं. स्वरयंत्रावर गाठ होती. वाईट नव्हती, पण काढायला हवी होती. काढल्यावर आवाज पहिल्यासारखा राहील का, याचा शब्द त्यांनी दिला नाही. तोवर कमीत कमी बोला, म्हणाले. वहिनीनं विचारलं, पुस्तक संपवू का? किती राहिलंय, त्यांनी विचारलं. थोडंच राहिलंय म्हटल्यावर ते म्हणाले, सावकाश संपवा आणि लगेच या.

तेव्हापासून वहिनी घरात खुणांनी बोलायची. चहा हवा असला की कपावर चमचा वाजवायची. आवाज तिनं पुस्तकासाठी राखून ठेवला. शेवटची चार प्रकरणं उरली होती, आणि नेमका लेकीनं पाठवलेला खोका आला.

लेक परगावी नोकरीला. बापाच्या कानाभोवतीचा स्पंज तिनं सुट्टीत पाहिला होता आणि बिचारीनं चांगल्या मनानं बारीकसे, महागाचे, कानात घालायचे इयरफोन धाडले. दादानं त्यांची माहिती चष्मा लावून वाचली. मग वहिनीचं एक झालेलं प्रकरण लावलं, अॅम्प्लिफायरला ते जोडले आणि कानात घातले. थोड्या वेळानं त्याचा चेहरा पडला. मला हाक मारली, एक बोंड स्वतःच्या कानातून काढून शर्टाला पुसलं आणि माझ्या कानात घातलं. मी डोळे मिटून ऐकलं. वहिनीच्या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत एक आवाज होता. गॅस अगदी बारीक करून ठेवला की येतो तसा, स्स्स.

मी म्हटलं, मग? तो म्हणाला, मग काय मग, हे सगळ्या पुस्तकात आहे. जुन्या हेडफोननं झाकून ठेवलं होतं, यानं उघडं पाडलं.

आता दादाची खरी गंमत इथे आहे. जन्मभर कर्ण्यांखाली उभा राहिलेला माणूस म्हातारपणी ठार बहिरा होणार, असं आम्ही सगळे त्याला चिडवत आलो होतो, आणि त्याला मनातून ती धास्ती होती. त्याच्या बरोबरीचे दोघे कर्णेवाले कानामागे हात धरून बोलायला लागले होते. आणि याला गॅसच्या शेगडीएवढा बारीक आवाज ऐकू आला होता. तो हैराण झाला होता हे खरं, पण आतून फुलूनही गेला होता. जो येईल त्याला सांगायचा, तुम्हाला नाही ऐकू येणार, माझे कान अजून शाबूत आहेत. तो आवाज त्याला नको होता आणि सोडवतही नव्हता.

मग शोध सुरू झाला. पहिला संशय पंख्यावर. पंखा बंद करून वहिनीला दोन ओळी वाचायला लावल्या, आवाज होताच. मग फ्रिज. फ्रिज बंद ठेवला तेव्हा दूध नासलं, आणि ते तसंच नासकं दोन दिवस आत राहिलं, कारण दादा आवाज शोधत होता आणि वहिनीला हाक मारायची परवानगी नव्हती. दार उघडल्यावर जो वास आला त्यानं मी जिन्यातच थांबले. मग भिंतीवरचं घड्याळ गेलं, दिवा गेला, शेजाऱ्यांच्या पाण्याच्या मोटारीवरून भांडण झालं. आवाज जागचा हलेना. दादा मला कौतुकानं म्हणाला, चिवट आहे बघ, मी कॉम्प्युटरवर आवाज कमी केला की तुझ्या वहिनीचा आवाज कमी होतो, याचा होत नाही.

हे तो स्वतःच्या तोंडानं म्हणाला. पुढचं सगळं ऐकताना हे वाक्य ध्यानात ठेवा.

एका सकाळी वहिनी भाजी घेऊन आली तेव्हा दादा मागच्या खोलीतून हात झटकत बाहेर आला. त्यानं सगळी प्रकरणं पुसून टाकली होती. कॅसेटच्या जमान्यातली त्याची सवय, बिघडलेलं रेकॉर्डिंग लगेच पुसायचं, कचरा घरात ठेवायचा नाही. वाचनालयाकडे आधीच गेलेली पहिली दोन प्रकरणं तेवढी शिल्लक राहिली, कारण ती त्याच्या हातात नव्हती. बाकी पुस्तक गेलं. पाटी लावायचं प्रकरणही गेलं. तो म्हणाला, पुन्हा करू, या वेळी काचेसारखं स्वच्छ करू.

वहिनी खुर्चीवर बसली. एक चप्पल काढली, मग दुसरी काढली. पिशवी मांडीवरच होती. कितीतरी दिवसांनी ती पुस्तकाबाहेरचा एक शब्द बोलली.

“सगळं?”

दादानं मान हलवली. मी मध्ये पडले. म्हटलं, डॉक्टरांनी चार प्रकरणांपुरतं सांगितलंय, अख्ख्या पुस्तकाचं नाही. दादा म्हणाला, ती हळू वाचेल, घशाला ताण येणार नाही. जसा काही घसा त्याचाच होता. मी वहिनीला म्हटलं, तू वाचू नकोस, जाऊ दे हे पुस्तक खड्ड्यात. तिनं मान हलवून नाही म्हटलं. आवाज पुढे राहील की नाही ठाऊक नाही, मग आहे तोवर तरी वाचू दे, असं तिच्या मनात होतं. ते तिनं मला नंतर सांगितलं. तेव्हा ती नुसती उठली आणि भाजी निवडायला बसली.

तेव्हा उन्हाळा होता. दुपारी रस्ता थोडा शांत असतो म्हणून वाचन दुपारीच. दादानं खिडकीत फोमचे तुकडे चिकटवले, दाराच्या फटीत ओला टॉवेल कोंबला आणि मला भिंतींसाठी जाड गाद्यांसारखे पडदे शिवायला सांगितले. मी शिवून दिले. भावाचं काम म्हणून शिवले, पण शिवताना सुई त्याच्या नावानं टोचत होते. पंखा बंद. त्या बंद खोलीत वहिनी मांडीवर पुस्तक घेऊन बसायची, आणि हा दाराबाहेर टेबल मांडून, दाराला पाडलेल्या भोकातून वायर आत सोडून, कानात बोंडं घालून बसायचा. त्या खोलीत एकदा पाय ठेवून बघायला हवा होता. घाम, रबराचा गोंद, ओल्या फोमला आलेली बुरशी. वहिनी बाहेर यायची तेव्हा तिचं पोलकं पाठीला चिकटलेलं असायचं आणि पुस्तकाच्या पानांवर घामाचे थेंब वाळून फुगवटे आलेले असायचे.

आणि आता त्याला नुसता तो एकच आवाज ऐकू येत नव्हता. त्या इयरफोनमधून त्याला बायकोच्या तोंडातलं सगळं ऐकू यायला लागलं. ती वाचत असली की हा बाहेरून दार वाजवायचा. थुंकी वाजली, पुन्हा. जीभ टाळूला चिकटली, पुन्हा. पोटात गुडगुडलं, पुन्हा. पोट वाजतं म्हणून तो तिला जेवून वाचायला लावायचा, आणि जेवल्यावर श्वास जड येतो म्हणून उपाशी. थुंकी कमी व्हावी म्हणून सफरचंदाची फोड खायला लावायचा आणि मग फोड चावल्याचा आवाज दातात राहिला म्हणायचा. आमच्यासमोर, पाहुण्यांसमोर, बायकोच्या लाळेचा हिशेब. मी हे ऐकून पान सोडून उठले आहे.

त्यात आणखी एक घाण. ती बोंडं कानात घट्ट बसावीत म्हणून हा त्यांना जिभेनं ओलं करायचा. सकाळी ब्रशनं मळ काढायचा आणि दुपारी तीच बोंडं तोंडात घालायचा. बायकोची थुंकी वाजलेली याला चालत नव्हती, स्वतःची कानात घातलेली चालत होती.

एकदा वहिनी दुपारचं वाचन संपवून खाली माझ्याकडे आली. पंख्याखाली बसली, डोळे मिटले. आवाज एव्हाना चिरका झाला होता, मधूनच नुसती हवा यायची. मी म्हटलं, बोलू नकोस. तरी ती बोलली.

“तुझ्या भावाला माझ्या तोंडात किती थुंकी आहे ते कळतं. मला काय होतंय ते नाही कळत.”

त्या दिवशी मी वर जाऊन दादाला नको ते बोलले. म्हटलं, ऐकणारे लोक लहानशा यंत्रावर ऐकतात, कोणी स्वयंपाक करताना, कोणी बसमध्ये. त्यांना तुझा हा स्स्स कधी ऐकू येणार आहे? तू बायकोच्या घशाचं मातेरं करतोयस. तो एक बोंड काढून शांतपणे म्हणाला, “त्यांना ऐकू येत नाही म्हणून आपण घाण द्यायची का?” वर म्हणाला, तुला कळायचं नाही, तुझे कान मशीनच्या खडखडीत गेले. मी त्याच्याकडचा सकाळचा चहा बंद केला. काही दिवसांनी पुन्हा सुरू केला, पण तो वहिनीला बघायला.

पुस्तक संपलं. शेवटचं प्रकरण वहिनीनं कसं वाचलं ते सांगवत नाही. खानावळवाली मरताना सुनेला किल्ल्या देते, ती वाक्यं वाचताना वहिनीच्या गळ्यातून शब्दांच्या अर्ध्या कडा तेवढ्या बाहेर आल्या. दादानं ते ऐकलं, आणि वाक्यांच्या मध्ये तो आवाज तसाच होता. खोली बंद करून, पंखा बंद करून, बायकोला शिजवून, तसाच. मग त्यानं कॉम्प्युटरमधली ती आवाज गाळायची सोय वापरून पाहिली, तर वहिनी पाण्याच्या टाकीतून बोलल्यासारखी ऐकू यायला लागली आणि तो आवाज उरलाच. शेवटी वैतागून त्यानं ते गाळणं रद्द केलं आणि पुस्तक होतं तसं पाठवून दिलं. वहिनीचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी तिला अवाक्षरही काढायची बंदी केली. गाठ वाढली होती, आणि एवढा ताण का दिला म्हणून ते तिला बोलले. ती उत्तर देऊ शकत नव्हती, आणि देऊ शकणारा शेजारी बसून छताकडे बघत होता.

घरी आल्यावरही त्याचं डोकं ताळ्यावर आलं नाही. एका संध्याकाळी मी वर गेले तर हा मला समजावत होता की आवाज इमारतीच्या विजेच्या तारांतून येत असणार, भिंत फोडून तार बदलली पाहिजे. खुर्चीवर बसून बोलत होता, उठून बोलत होता, हातवारे करून बोलत होता. घरात एकाला बोलायची बंदी, तर दुसरा दोघांचं बोलून घेत होता. वहिनी थोडा वेळ ऐकत राहिली. मग उठली, मागच्या खोलीत गेली, तिथे पुन्हा आत नेलेल्या टेबलापाशी दादाच्या खुर्चीवर बसली आणि ते इयरफोन कानात कोंबले. गाणं ऐकायला नव्हे, नवऱ्याची टकळी ऐकू येऊ नये म्हणून. आपण कानात कापूस घालतो तसे.

मी दारातून बघत होते. ती डोळे मिटून बसली आणि लगेच तिनं ते उघडले. कॉम्प्युटरकडे बघितलं. त्यावर काहीच चालू नव्हतं. अॅम्प्लिफायरचा दिवा तेवढा लागलेला होता. तिनं इयरफोनची पिन अॅम्प्लिफायरमधून उपटली, थांबली, पुन्हा खुपसली. पुन्हा उपटली. मग दारात येऊन दादाला बोटानं बोलावलं.

तो बोलत बोलतच आला. तिनं त्याच्या एका कानात एक बोंड घातलं, दुसरं स्वतःच्या कानात ठेवलं.

दादा ऐकायला लागला. म्हणाला, हाच तो, ऐकलास ना, कुठलं प्रकरण लावलंयस?

तिनं त्याचं तोंड कॉम्प्युटरकडे वळवलं. काहीच लावलेलं नव्हतं. मग तिनं कॉम्प्युटरची वायर अॅम्प्लिफायरमधून ओढून काढली आणि त्याच्या हातात दिली. त्याच्या चेहऱ्यावरून कळलं की आवाज तसाच येतोय. मग तिनं अॅम्प्लिफायरचं बटण दाबून तो बंद केला. दादाचा हात कानाकडे गेला. तिनं बटण पुन्हा दाबलं. पुन्हा बंद केलं. शाळेत न कळणाऱ्या मुलाला तेच गणित पुन्हा दाखवावं तसं तिनं ते कितीदा केलं, मी मोजलं नाही.

आवाज वहिनीच्या वाचनात कधी नव्हताच. पंख्यात नव्हता, फ्रिजमध्ये नव्हता, शेजाऱ्यांच्या मोटारीत नव्हता. तो त्या लोखंडी धुडाचा स्वतःचा सुस्कारा होता. मैदानभर कर्णे वाजवायला केलेलं यंत्र, त्याला हे कानाच्या भोकातलं नाजूक काम कुठून जमणार. जुन्या मठ्ठ हेडफोनला तो ऐकू येत नव्हता, नव्याला येत होता, इतकंच. आणि दादानं यंत्र कधी रिकामं ऐकलंच नव्हतं. आधी आवाज लावायचा, मग कानात घालायचं. आधी काढायचं, मग बंद करायचं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण इथे वळसा वहिनीच्या गळ्याला पडला होता.

दादा वायर हातात धरून उभा होता. म्हणाला, “म्हणूनच तो कमी होत नव्हता.”

मला त्याची दया यायला हवी होती. आली नाही. मला ती वायर त्याच्या गळ्याभोवती दिसत होती. भावाबद्दल असं लिहू नये, पण मला खरंच इतका किळसवाणा तो कधी वाटला नव्हता, बोंडं चाटताना सुद्धा नाही. तो रडला असता तर कदाचित निवळले असते. तो रडला नाही. तो खाली वाकून अॅम्प्लिफायरच्या मागे किती वायरी आहेत ते बघायला लागला. वहिनीनं स्वतःच्या कानातलं बोंड काढलं, पदराला पुसलं, डबीत ठेवलं आणि झोपायच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दादा बाजारात गेला आणि बोटाच्या पेराएवढी एक वस्तू घेऊन आला. ती अॅम्प्लिफायर आणि इयरफोनच्या मध्ये लावायची, की जोर कमी होतो आणि सुस्कारा कानापर्यंत पोचत नाही. त्यानं लावून बघितली. आवाज गेला. त्यानं वाचनालयाकडून ती पहिली दोन प्रकरणं परत मागवली आणि कानात घालून ऐकली. काचेसारखी स्वच्छ होती. पहिल्या दिवसापासून होती. तो ती ऐकत दुपारभर बसला होता, आणि त्या दुपारी मला त्याच्याकडे बघवेना म्हणून मी खाली निघून आले. त्यात किती कीव होती आणि किती राग, ते मलाही सांगता येणार नाही.

मग वाचनालयाच्या बाईंचा फोन आला. पुस्तक आवडलं लोकांना, म्हणाल्या. फक्त काही जण विचारत होते की तिसऱ्या प्रकरणापासून वाचणारी बदलली का, कोणी वयस्कर बाई आल्या का. फोन दादानंच घेतला होता. हॅलोशेठच्या तोंडून कधी नव्हे इतक्या हळू आवाजात आलं, “नाही. तीच आहे.”

डॉक्टरांनी बोलायची परवानगी दिली तो दिवस. आधी थोडंच बोला, म्हणाले, एखाददुसरं वाक्य. दवाखान्यात ती बोलली नाही. घरी बोलेन, अशी खूण केली. दादानं सकाळपासून तयारी केली होती. त्यानं माझे ते जाड पडदे भिंतीवरून काढून घडी करून ठेवले होते, दाराच्या फटीतला टॉवेल फेकून दिला होता. आपण काय म्हणायचं तेही त्यानं ठरवून ठेवलं असावं, कारण रिक्षात त्याचे ओठ हलत होते. वहिनी बैठकीत बसली, मी तिच्याजवळ बसले, आणि हा समोर स्टुलावर.

मग तो उठला. त्यानं रस्त्याकडची खिडकी लावली. स्वयंपाकघरात जाऊन फ्रिज बंद केला. भिंतीवरचं घड्याळ उतरवून आतल्या खोलीत गादीवर ठेवून आला. आणि वहिनीचा पहिला शब्द नीट ऐकू यावा म्हणून त्यानं पंखा बंद केला. परत येऊन स्टुलावर बसला, पुढे वाकला आणि कान तिच्याकडे केला.

वहिनी त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या ओठावर घाम जमला. मग ती बोलली. आवाज जाड, खरबरीत, ओळखू न येणारा.

“पंखा लावा.”

दादा उठला आणि त्यानं पंखा लावला. जुना पंखा, पाती घरघर करत फिरायला लागली. वहिनी आणखी एक वाक्य बोलली, पण त्या घरघरीत दादाला ते ऐकू गेलं नाही. काय म्हणालीस, काय म्हणालीस, असं तो दोनदा विचारत होता. तिनं ते पुन्हा सांगितलं नाही.